गोल्ड स्पॉट आठवतं, सुकडी आठवते का?

(पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या गावाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.)

परवा आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. वर लिहिलेलं, 'हे ज्यांना आठवतं त्यांचं बालपण सोन्याचं!' आणि खाली गोल्ड स्पॉटची बाटली, रोला-कोला, पान पसंद, गोड सिगारेटी. दहा मिनिटांत साठ मेसेज. कुणी बदाम टाकले, कुणी रडका चेहरा टाकला. मीही एक बदाम टाकला.

रात्री मात्र झोप येईना. डोक्यात एकच प्रश्न. अरे, यातलं आपण नांद्यात खरंच काय खाल्लं होतं? गोल्ड स्पॉट मी लहानपणी मोजून तीनदा प्यायलोय. एकदा वडिलांबरोबर पौडला सातबाऱ्याच्या कामाला गेलो होतो तेव्हा, आणि दोनदा पुण्यातल्या लग्नांत. रोला-कोला तर मी पहिल्यांदा पाहिलं ते मिसरूड फुटल्यावर. म्हणजे मी ज्या बालपणासाठी गळा काढत होतो ते माझं नव्हतंच. ते डेक्कनवरच्या नाहीतर दादरच्या कुणाचं तरी होतं.

मग आपलं काय होतं? आणि ते कुठं गेलं? त्याचा हा हिशोब.

माझा जन्म 1974 चा. आमचा खाऊ तीन ठिकाणांहून यायचा. रानातून, दुकानातून आणि शाळेतून.

रानातला खाऊ आधी सांगतो, कारण त्याला पैसे पडत नव्हते. उन्हाळ्यात डोंगराला करवंदं, तोरणं, आळू. पळसाच्या पानाचा द्रोण करून त्यात करवंदं आणायची आणि संध्याकाळपर्यंत चिकाने ओठ चिकटलेले. थंडीत हरभरा घाट्यांवर आला की बांधावर काटक्या पेटवून हावळा. हात काळे, तोंड काळं, सदऱ्याच्या बाह्या काळ्या. घरी गेल्यावर आई आधी कान पिळायची आणि मग विचारायची, 'मला नाही आणला?' भात निघाला की आजी नव्या साळीचे पोहे करायची. साळ भिजवायची, भाजायची आणि उखळात कांडायची. ते पोहे जाड असायचे, एकसारखे नसायचे. पण आंबेमोहराचे असले की त्यांचा वास ओटीवरून थेट रस्त्यापर्यंत जायचा. ते नुसते गुळाबरोबर खायचे. त्याला फोडणी लागत नव्हती.

याच आंबेमोहराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुळशी-मावळाचं नाव कागदावर कायमचं लागलं. चांगलंच झालं. फक्त मानांकन आलं तेव्हा आपल्याकडे आंबेमोहर लावायला वावरं किती उरली होती, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. त्याच दशकाच्या शेवटी हिंजवडीत आयटी पार्क आलं. 2015 मध्ये पीएमआरडीए झालं. 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आपल्या शेजारची सूस आणि म्हाळुंगे. आपण हद्दीबाहेर राहिलो, पण जमिनीच्या भावाने काही हद्द पाळली नाही. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. आमच्या घरानेही जमीन विकली, त्याच पैशात घर झालं, बहिणीचं लग्न झालं. एवढंच सांगायचंय की ज्या बांधावर आम्ही हावळा भाजायचो तिथं आज एका सोसायटीचं पार्किंग आहे. हावळा कुणी बंद केला नाही. हरभरा गेला, बांध गेला, म्हणून तो गेला.

आता दुकान.

शाळा सुटली की आमची वरात दुकानावर. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने. एकीत लिमलेटच्या गोळ्या, एकीत श्रीखंडाच्या गोळ्या, एकीत जिरागोळ्या. आवळासुपारी, चिंचेच्या गोळ्या, कागदाच्या पुडीत बोरकूट. पिवळ्या नळ्यांना आम्ही बॉबी म्हणायचो. दहा बोटांत दहा बॉबी घालायच्या आणि एकेक खात घरापर्यंत जायचं. उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ यायचा, त्याला पेप्सी म्हणायचे. खरी पेप्सी देशात 1990 मध्ये आली, आमची त्याच्या आधी की नंतर यावर अजून आमच्यात वाद होतो. एक बेकरीवाला सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून सूस खिंड चढून यायचा. खारी, बटर, टोस्ट आणि नानकटाई. त्याची घंटा ऐकली की आजारी माणूससुद्धा उठून बसायचा, कारण चहाबरोबर बटर हे तेव्हा आजारी माणसाचंच खाणं होतं.

सगळं उधारीवर नाहीतर सुट्या पैशांवर. पाच पैसे, दहा पैसे, चार आणे. दहा पैशांत काहीतरी मिळायचं, ही त्या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट होती. पोराच्या हातात जेवढं नाणं असेल तेवढा माल दुकानदार बरणीतून काढून द्यायचा.

हे बरण्यांचं राज्य कसं गेलं, ते नीट बघण्यासारखं आहे. आधी महागाईने नाण्यांची किंमत गेली. मग 30 जून 2011 ला सरकारने चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बादच केली. सगळ्यात लहान खरेदी एक रुपयाची झाली, आणि रुपयाला जे द्यायचं ते कंपन्या आधीच पाकिटात भरून पाठवायला लागल्या होत्या. रुपयाची गोळी, दोनचं शाम्पू, पाचची वेफर्स. किंमत तीच ठेवायची आणि आतला माल कमी करत जायचा, हे गणित बरणीत जमत नाही, पाकिटात जमतं. लहान कारखानदारालाही पूर्वी थोडं कुंपण होतं. बिस्किटं, आइस्क्रीम असल्या वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. 1997 मध्ये ते आरक्षण उठलं. अन्नसुरक्षेचा 2006 चा कायदा 2011 मध्ये लागू झाला, परवाना आणि लेबल आलं. तेही गरजेचं होतं, नाही म्हणत नाही. त्या रंगीत बर्फात कुठल्या विहिरीचं पाणी होतं आणि कसला रंग होता हे आम्हाला कुणाला माहीत होतं? ते पिऊन आमच्या वर्गातला निम्मा बाक एकदा आठवडाभर आजारी होता. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही.

आणि मोठ्यांचंही काही अमरपट्टा बांधून येत नाही. रावळगावची गोळी घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंद यांनी तिथं 1933 मध्ये रावळगाव शुगर फार्म सुरू केला आणि 1940 च्या दशकात तिथं गोळ्या बनायला लागल्या. ऊस तिथला, साखर तिथली, गोळीही तिथलीच. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी त्यांचीच लेकरं. महाराष्ट्राच्या एका खेडेगावाचं नाव देशभरच्या पोरांच्या जिभेवर होतं, ही केवढी गोष्ट! फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने गोळ्यांची नावं, पाककृती आणि हक्क रिलायन्सच्या कंपनीला विकले. किंमत 27 कोटी रुपये. कच्चा माल महागला, वीज महागली, मजुरी वाढली, पण गोळीची किंमत वाढवता येईना आणि स्पर्धा दोन्ही बाजूंनी, असं कारण कंपनीनेच दिलं. आपल्याकडे 27 कोटींत आज किती गुंठे येतील, याचा हिशोब तुम्हीच करा. ऐंशी वर्षांच्या गोडीची किंमत तेवढीच.

गोल्ड स्पॉटची गोष्ट तर सरळ राजकारणाची आहे. 1977 मध्ये जनता सरकार आलं. परदेशी कंपन्यांनी भारतातल्या कंपनीतली आपली भागीदारी कमी करावी, असा कायदा होता. कोका-कोलाने ते मानलं नाही आणि गाशा गुंडाळला. सरकारने त्या जागी स्वतःचं पेय काढलं. मॉडर्न ब्रेड बनवणाऱ्या सरकारी कंपनीने ते बनवलं आणि नाव ठेवलं 'डबल सेव्हन', म्हणजे सत्त्याहत्तर. ते काही चाललं नाही. मैदान मारलं ते पार्लेच्या चौहानांनी. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट. (पार्ले-जीवाले आणि हे एकाच घराण्यातले, पण धंदे वेगळे.) 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने ही सगळी नावं विकत घेतली. थम्स अप मारायला गेले तर गिऱ्हाईक हलेना, म्हणून ते वाचलं. गोल्ड स्पॉट मात्र गेलं, कारण त्याच रंगाची त्यांची स्वतःची फँटा होती. गोल्ड स्पॉट लोकांना नकोसं झालं म्हणून गेलेलं नाही. ते विकत घेऊन बाजूला ठेवलं गेलं.

म्हणजे बघा. रानातला खाऊ जमिनीबरोबर गेला. बरणीतला खाऊ नाण्याबरोबर गेला. बाटलीतला खाऊ मालकाबरोबर गेला. या तिन्हींवर आपण व्हॉट्सॲपवर रडतो. चौथा खाऊ कसा गेला याच्यावर मी आजवर एकही फॉरवर्ड पाहिलेला नाही. तो म्हणजे शाळेतला खाऊ. सुकडी.

माझ्या वयाच्या आणि माझ्या वरच्या लोकांना सांगायला नको. भाजलेलं पीठ, गोडाला गूळ नाहीतर साखर, थोडं तेल. रंग मातीसारखा, भुरभुरीत. मोठ्या पातेल्यातून वाटीने काढून द्यायचे. आम्ही ती कागदावर घ्यायचो, नाहीतर सरळ खिशात. कधी कडवट लागायची, कधी त्यात पोरकिडे निघायचे. तरी मधल्या सुट्टीची घंटा झाली की रांग आपोआप लागायची. तळहातावर घेऊन फक्की मारायची आणि मुद्दाम शेजाऱ्याशी बोलायचं, म्हणजे त्याच्या तोंडावर फवारा उडायचा. त्यावरून मारामाऱ्या. गुजरातेत याच नावाची वडी तूपगुळात घरोघरी होते, हे मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी सुकडी म्हणजे सरकारी खाऊ.

मी एकदा घरी येऊन आईला म्हणालो, 'आज सुकडी बेकार होती, फेकून दिली.' आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण ती मारायला उठली नाही. तिने मला समोर बसवलं आणि 1972 ची गोष्ट सांगितली.

आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं. तिकडचा दुष्काळ आपल्या मुळशीला कळायचा नाही. आपल्याकडे पाऊस कमी पडला तरी नदीला पाणी. तिकडे विहिरी कोरड्या, जनावरं दावणीला मेलेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. आई तेव्हा सतरा वर्षांची, लग्नाच्या आधीची. आजीबरोबर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकर नीट थापली जायची नाही आणि घशाखाली उतरायची नाही. आणि कामावर मजुरांना वाटली जायची सुकडी. आई म्हणाली, 'निम्मी मी खायची आन् निम्मी पदराला बांधायची. घरी धाकटी दोघं वाट बघत बसायची. लांबनं माझ्या पदराची गाठ बघायची, गाठ दिसली की पळत यायची.'

एवढं बोलून ती परत भाकरी थापायला लागली. मी त्यानंतर सुकडी टाकली नाही. पोरकिडा निघाला तर तो काढून टाकायचो.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. पुढे तिचा कायदा झाला आणि अनेक वर्षांनी देशभरच्या रोजगार हमीला तिचाच आधार मिळाला. ते इतिहासात आहे, परीक्षेतही येतं. पण त्याच काळात महाराष्ट्राला दुसरीही एक सवय लागली, की भुकेल्या माणसाला आणि शिकणाऱ्या पोराला सरकारने काहीतरी तयार खायला द्यायचं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि त्यातून गावोगाव अंगणवाड्या आल्या. त्या काळात केअर या संस्थेमार्फत देशभरच्या शाळा-बालवाड्यांना मका-सोयाचं पीठ, दलिया, तेल यायचं. सुकडी त्याच घरातली.

पुढे शाळेतली ती कधी बंद झाली? नीट तारीख सांगणारं मला कुणी भेटलं नाही. एका वर्षी होती, पुढच्या वर्षी नव्हती. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्राची योजना आली. पोराची हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. माझा धाकटा चुलतभाऊ ती पिशवी डोक्यावर घेऊन यायचा. मग 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की कोरडा तांदूळ नको, शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर आपल्याकडे खिचडी आली. आजही 'खिचडीची शाळा' असं आपण हिणवून म्हणतो. पण ती खिचडी कोर्टाने भांडून मिळवून दिलेली आहे, हे लक्षात ठेवा.

सुकडी अंगणवाडीत नंतरही आली, पण पाकिटात. शिरा, उपमा, सुकडी, सगळं बंद पाकिटात घरी न्यायचं. ठेकेदारांना यात घेऊ नका, गावातल्या महिलांच्या गटांना द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी पाकिटं येत राहिली. मी स्वतः एका घरी ते पाकीट म्हशीच्या आंबोणात पडताना पाहिलंय. घरातली बाई म्हणाली, 'पोरगं तोंडात धरत नाही, मग टाकू कुठं?' तिची चूक नव्हती. माझ्या आईने पदराला बांधून नेलेली सुकडी आणि ही सुकडी यांचं फक्त नाव एक होतं.

आता मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्यांना केळं. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, त्यामुळे केळ्याची सोय होती हे बरंच झालं. फार मोठी गोष्ट नाही ही. आठवड्याला एक अंडं. तमिळनाडूत पोरांना शाळेच्या दर दिवशी अंडं मिळतं. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने 2024 पासून आठवड्याचे सहा दिवस. आपण एकावर आलो होतो. आणि जानेवारी 2025 च्या अखेरीस सरकारने निर्णय काढला की अंड्यासाठी आणि नाचणी सत्वाच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही. द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं.

चौदा महिन्यांत एक खाऊ सुरू झाला आणि त्याचा निधी बंदही झाला. कुणी फोटो टाकला? 'ज्यांना शाळेतलं अंडं आठवतं त्यांचं बालपण सोन्याचं' असा मेसेज आला का कुणाला?

नाही आला, आणि त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. आपली पोरं आता त्या शाळेत नाहीत. सकाळी पिवळ्या बस येतात, आपली पोरं टाय लावून त्यात बसतात. आपल्या पट्ट्यातल्या झेडपीच्या शाळांमध्ये आता बांधकामावरच्या मजुरांची लेकरं वाढली आहेत. मराठवाड्यातली, विदर्भातली, बाहेरच्या राज्यांतली. ज्यांच्या गावाला पाऊस पडला नाही किंवा नको तेव्हा पडला, म्हणून ज्यांचे आईबाप आपल्या सोसायट्यांच्या विटा वाहतात. त्यांच्या आयाही काही ना काही पदराला बांधूनच संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत जातात. 1972 ला खडी फोडणारी माझी आई आणि या बायका यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. आई असती तर तिलाही दिसला नसता.

त्या पोरांच्या हातात मधल्या सुट्टीत काय असतं? पाच रुपयांचं पाकीट. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जवळ. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै 2021 पासून लागू आहे. नियम कागदावर आहे, पाकिटांच्या माळा दुकानाला लटकलेल्या आहेत. दुकानदारालाही दोष नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण पोराला शाळेत पोटभर आणि चवीचं मिळालं तर ते पाकिटामागे कमी पळेल, एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही.

आता रोला-कोलाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पार्लेने 2006 मध्ये ही गोळी बंद केली होती. फेब्रुवारी 2019 मध्ये एका तरुणाने ट्विटरवर कंपनीला विचारलं, रोला-कोला परत आणायला किती लोकांनी मागणी केली पाहिजे? कंपनी म्हणाली, 10,000 रिट्विट आणा. लोकांनी आणले. ऑक्टोबर 2019 मध्ये गोळी परत बाजारात आली. तेरा वर्षं बंद असलेली कोलाची गोळी, निव्वळ लोकांनी हट्ट धरला म्हणून परत आली.

आपल्याला तर दहा हजारांचीही गरज नाही. हिशोब करून बघा. धरा, शाळेत 200 पोरं आहेत. आठवड्याला एक अंडं किंवा केळं. नग सात रुपये धरला तर आठवड्याचे 1,400 रुपये. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर 56,000 रुपये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते, हा नियमच आहे. आपल्या पंचायतीला आता नुसत्या घरपट्टीचं उत्पन्न आपल्या लहानपणीच्या मानाने किती आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. दहीहंडीच्या एका डीजेचा खर्च किती होतो, तेही ठाऊक आहे. सरकारने द्यायला हवं होतं, हे खरंच. ते मागत राहू, निवेदनं देत राहू. पण तोवर पोरांनी काय खायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. एक, शाळा आणि अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराला आठवड्यातून किमान एकदा अंडं किंवा केळं. दोन, गावातल्या बचत गटाकडून महिन्यातून काही वेळा ताजी सुकडी किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू, गरम, पातेल्यातून, पाकिटातून नाही. पोरकिडे नसलेली. तीन, खर्चाचा कागद दर महिन्याला शाळेच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे उद्या कुणी कुणावर शंका घ्यायला नको.

मी स्वतः पहिल्या महिन्याचे पैसे द्यायला तयार आहे. पण हे एकट्या-दुकट्याच्या दानावर चालू नये. दान देणारा कंटाळला की खाऊ बंद. ठराव झाला तर तो मोडायला कुणालातरी हात वर करावा लागतो, आणि तो हात सगळ्या गावाला दिसतो.

गोल्ड स्पॉट आपल्या हातात नव्हतं. ते अटलांटात ठरलं. रावळगावची गोळीही आपल्या हातात नव्हती. हावळा आपल्या हातात होता, तो आपण घालवला. हे एक अंडं अजून आपल्या हातात आहे.

ज्यांना पटतंय त्यांनी ग्रामसभेला या. बदाम टाकून चालणार नाही, सहीला माणसं लागतात.